सुयांनी बरं वाटतंय, मग पंप सोडू का?

"डॉक्टर, मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 41. धाकट्या मुलीच्या जन्मापासून, म्हणजे बारा-तेरा वर्षं दम्याचा त्रास आहे. निळा पंप जवळ असतो. दिवसातून तीन-चारदा घ्यायला लागायचा, यंदाच्या थंडीत त्याहून जास्त. एक पंप जेमतेम महिनाभर पुरायचा. डॉक्टरांनी दुसराही एक पंप दिला होता, पण त्यात स्टिरॉइड असतं असं कळलं, तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून तो कपाटात आहे. भाऊ मुंबईला असतो. त्याच्या सांगण्यावरून फेब्रुवारीत मी कणकवलीला अ‍ॅक्युपंक्चर सुरू केलं. आठवड्यातून एकदा जाते. आता खरंच बरं वाटतं. रात्री झोप लागते, निळा पंप दिवसातून एखाद वेळीच लागतो. तिथले उपचार करणारे म्हणतात, ही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली पद्धत आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत पंप पूर्ण बंद करा. सासूबाई तर पहिल्यापासून म्हणतात, 'पंपाची सवय लागली काय मगे सुटाची नाय.' मिस्टर म्हणाले, आधी डॉक्टरांना विचार. पंप सोडू का? सुया चालू ठेवू का? कणकवलीच्या त्या उपचार करणाऱ्यांनी दिलेल्या औषधाच्या पुड्याही सकाळ-संध्याकाळ घेते."

— एक वाचक, देवगड तालुका

ताई,

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागाहून. निळा पंप जवळून हलवायचा नाही. दुसरा पंप तुमच्या डॉक्टरांना भेटून याच आठवड्यात पुन्हा सुरू करायचा. सुया घ्यायच्या असतील तर घ्या, माझी हरकत नाही. राहिल्या पुड्या. त्यांच्याबद्दल तुम्ही शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. तेव्हा तिथूनच सुरू करते.

त्या पुडीवर काही छापलेलं आहे का? औषधाचं नाव, कुणी बनवलं, कधी बनवलं? नसेल तर ती पुडी म्हणजे नुसता भरवसा आहे. अ‍ॅक्युपंक्चर हा सुयांचा उपचार, त्यात पुडी येत नाही. चिनी वैद्यकात झाडपाल्याची औषधं आहेत हे खरं. त्यातल्या मा-हुआंग नावाच्या झुडपात एफेड्रिन असतं. ते श्वासनळ्या खरोखर सैल करतं, आणि बरोबर छातीची धडधड आणि रक्तदाबही वाढवतं. पण आपल्याकडची भीती वेगळीच आहे. दम्यावरच्या आणि सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार पुन्हा पुन्हा उघडकीला आलेले आहेत. तुमच्या पुडीत तसं असेलच असं मी म्हणत नाही. पण या तीन महिन्यांत भूक वाढली आहे का? चेहरा भरल्यासारखा, गोल दिसतो असं कुणी म्हणालं का? वजन, साखर, रक्तदाब वर गेलाय का? अंगावर सहज काळेनिळे डाग उठतात का? यातलं काहीही असेल तर तुमचं बरं वाटणं सुयांच्या खात्यावर मांडायची घाई नको.

आणि हे वाचून आज संध्याकाळची पुडी गटारात टाकू नका. स्टिरॉइड पोटातून काही आठवडे सलग गेलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी आपलं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतात. ते बाहेरून एकदम थांबलं तर गळून जायला होतं, रक्तदाब उतरतो, उलट्या होतात, कधीकधी जिवावरही बेततं. म्हणून दोन-चार पुड्या तशाच घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि दिवसाला किती घेतल्या ते सांगा. कमी कशा करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

गंमत बघा. ज्या स्टिरॉइडच्या भीतीने तुम्ही पंप कपाटात ठेवलात, त्याचा एक डोस साधारण 200 किंवा 400 मायक्रोग्रॅमचा असतो आणि तो बहुतांशी श्वासनळीतच काम करतो. प्रेडनिसोलोन या पोटातून घ्यायच्या स्टिरॉइडची गोळी असते 5, 10, 20 मिलिग्रॅमची, आणि ती सगळ्या अंगभर फिरते. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद वेगवेगळी आहे, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नाही, तरी अंदाज येतो. पंपातल्या स्टिरॉइडने घसा बसू शकतो, तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून टाकली की हे बरंचसं टळतं.

आता निळा पंप. त्यात साल्ब्युटामॉल असतं. आवळलेल्या श्वासनळीभोवतीचे स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं आणि चार-सहा तासांत त्याचा असर उतरतो. पण दमा म्हणजे नुसतं आवळणं नव्हे. श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते, ती सूज तिला चिडकी करून ठेवते, आणि मग धूर, धूळ, थंड हवा, सर्दी, कशानेही ती आवळते. निळा पंप सुजेला हात लावत नाही. फुटक्या कौलाखाली टोप ठेवला की जमीन कोरडी राहते, कौल फुटकंच राहतं, तसलं हे काम आहे. सूज कमी करणारं औषध त्या कपाटातल्या पंपात आहे.

तुमचा निळा पंप महिनाभर पुरायचा. एका डब्यात 200 फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे लागणाऱ्यांना मोठ्या अ‍ॅटॅकचा धोका वाढतो, आणि वर्षाला बारा, म्हणजे महिन्याला एक लागत असेल तर मृत्यूचा धोका वाढतो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना काढणारी 'जीना' ही संस्था हेच आकडे देते. 2019 साली तिने स्पष्टच सांगितलं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. म्हणजे सुया सुरू करायच्या आधीचा तुमचा उपचारच अर्धा होता. औषधं फेल गेली म्हणून तुम्ही सुयांकडे वळलात असं घरात बोललं जात असेल, पण मुख्य औषध तर दिवाळीपासून पोटात... म्हणजे छातीत गेलेलंच नाही.

इथे सासूबाईंची बाजू घ्यायला हवी. निळ्या पंपाबद्दल त्या अर्ध्या बरोबर आहेत. तो रोज, वारंवार, एकटाच घेत राहिलं तर त्याचा असर कमी होत जातो आणि श्वासनळी आणखी चिडकी होते. त्याला व्यसन म्हणत नाहीत, पण त्यांनी जे पाहिलंय ते खोटं नाही. फक्त हा दोष त्यांनी दोन्ही पंपांवर लावला. सुजेवरचा पंप नियमित घेतला की निळ्याची गरज आपोआप उतरते, हे त्यांना दाखवून द्या. आता सुजेवरचं ब्युडेसोनाइड आणि श्वासनळी सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंपही मिळतो. तो रोजही घेता येतो आणि त्रास झाला तर त्याचाच जादा डोस घेता येतो. तुम्हाला तो चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पंप रंगावरून ओळखू नका. कंपनीगणिक रंग बदलतो, डब्यावरचं औषधाचं नाव वाचा.

एवढं झाल्यावर सुयांकडे येते.

2011 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास छापून आला. दम्याचे 39 रुग्ण त्यात शेवटपर्यंत होते. प्रत्येकाला आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: खरा साल्ब्युटामॉलचा पंप, औषध नसलेला पंप, टोचल्याचा नुसता भास होणारं खोटं अ‍ॅक्युपंक्चर, आणि काहीच नाही, नुसतं बसून राहणं. प्रत्येक वेळी दोन प्रश्न. पहिला रुग्णाला: किती बरं वाटलं? दुसरा यंत्राला: एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडली?

रुग्णांचं उत्तर असं: खऱ्या पंपाने 50 टक्के बरं वाटलं, खोट्या पंपाने 45, खोट्या सुयांनी 46, आणि नुसतं बसून 21. म्हणजे खऱ्या औषधात आणि दोन्ही खोट्या उपचारांत रुग्णांना फरकच जाणवला नाही. यंत्राचं उत्तर मात्र निराळं. खऱ्या पंपाने हवा 20 टक्क्यांनी वाढली. बाकी तिघांनी, नुसतं बसण्यासकट, 7 टक्क्यांच्या आसपास.

हा अभ्यास मी दम्याच्या प्रत्येक पेशंटला ऐकवते. अ‍ॅक्युपंक्चरला नावं ठेवण्यासाठी नव्हे. खऱ्या सुया त्यात तपासल्याच नव्हत्या. दम्यात आपलं 'बरं वाटणं' आपल्याला किती फसवू शकतं, ते त्यातून कळतं. हे रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच मोकळं वाटत होतं, आणि श्वासनळ्या होत्या तशाच आवळलेल्या होत्या. तुम्हाला रात्री झोप लागते, हे मी शंभर टक्के खरं मानते. तुमच्या श्वासनळ्या उघडल्या आहेत का, हे तुमच्या पत्रावरून मला कळत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. वर्षानुवर्षं दमा असलेल्या माणसाला कमी हवेची सवय होते. हवा निम्म्यावर आली तरी 'आज जरा जडच वाटतंय' एवढंच म्हणून ती माणसं चार घागरी पाणी आणतात. अशांनाच अ‍ॅटॅक अवचित गाठतो.

मग खऱ्या सुयांचं काय? जुन्या दम्यावर खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना करणाऱ्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेने एकत्र तपासल्या: 12 छोट्या चाचण्या, सगळे मिळून 350 रुग्ण. श्वासाच्या मोजमापात सुयांचा म्हणावा असा फायदा दिसला नाही, आणि एवढ्या पुराव्यावर सल्ला देता येत नाही असा निष्कर्ष निघाला. सुयांच्या बाजूचाही एक मोठा अभ्यास आहे, जर्मनीतला, 2017 साली छापलेला. अ‍ॅलर्जीच्या दम्याच्या रुग्णांना तीन महिन्यांत 15 वेळा सुया दिल्या; झोप, वावर, कामाची उमेद यांत त्यांना सुया न घेतलेल्यांपेक्षा बरं वाटलं. आपल्याला सुया मिळताहेत की नाही हे त्यात प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे यातलं किती सुईचं आणि किती विश्वासाचं, हे सुटं करता येत नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की सुया त्या रुग्णांच्या नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिल्या होत्या, त्याच्या जागी नव्हे. तुमच्या उपचार करणाऱ्यांना एवढंच विचारा: पंप बंद करून सुयांवर दमा आटोक्यात राहतो, हे कुठल्या अभ्यासात दिसलंय?

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणाल, तर तिच्या 1979 सालच्या यादीत दम्याचं नाव आहे. पुढच्या अहवालात तिने आजारांचे गट पाडले, आणि दमा घातला तो 'परिणाम दिसलाय पण आणखी पुरावा हवा' या गटात. याला मान्यता म्हणायचं तर म्हणा बापडे. पंप बंद करा असं त्यात कुठेही नाही.

आता तुमच्या फेब्रुवारीकडे बघू. दिवाळीला सुजेवरचं औषध थांबलं. मग थंडी आली. तुमच्याकडे त्याच दिवसांत आंब्याच्या कलमांवर मोहोर आणि मोहोरावर फवारणी. मागोमाग भाजावळ सुरू, मळ्यामळ्यातून राबाचा धूर. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत, मुख्य औषधाविना, अगदी टेकीला येऊन तुम्ही कणकवलीला गेलात. त्यानंतर फवारणी संपली, धूर संपला, उन्हं तापली, गाद्या-गोधड्या खळ्यात वाळल्या, दारं-खिडक्या उघड्या राहिल्या. एप्रिल-मेमध्ये तुम्हाला बरं वाटायचंच होतं. कुठलाही उपचार आपण त्रास शिगेला पोचला की सुरू करतो, आणि शिगेनंतर उतारच असतो. दरवर्षी मृगाला दम्यावरचा उपाय म्हणून मासा गिळायला गाड्या भरून हैदराबादला जाणाऱ्यांपैकी कित्येकांना 'गुण येतो' तो याच हिशेबाने.

सुयांचं काहीच श्रेय नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दम कोंडला की जीव घाबरतो, घाबरला की श्वास उथळ आणि भरभर चालतो, आणि त्याने दम आणखी लागतो. आठवड्यातून एकदा घरातून बाहेर पडायचं, तासभर कुणी स्वस्थ झोपवून ठेवायचं, मन लावून विचारपूस करायची, हे आपल्या बायकांच्या वाट्याला कितीसं येतं? त्याने श्वास संथ होतो. ते मोलाचंच आहे. फक्त जूनमध्ये श्वासनळीला सूज आली तर ते पुरं पडणार नाही.

आणि पंप सोडायला तुमच्या उपचार करणाऱ्यांनी नेमका जून गाठलाय! कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. भिंतींना ओल, कपाटामागे बुरशी, गाद्या-उशांत धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना अशी दमट हवाच मानवते. ओले कपडे पडवीत नाहीतर घरातच दोरीवर. न्हाणीतली चूल ओल्या लाकडांनी धुमसते आणि पावसामुळे दारं बंद. त्यात शाळा सुरू झाल्या की मुलं सर्दी घेऊन येतात. सुजेवरचा पंप लगेच काम करत नाही, त्याचा पूर्ण असर दिसायला काही आठवडे जातात. म्हणून त्याची बेगमी मेमध्येच करायची, लाकडं आणि सुकी मासळी भरतो तशीच. उन्हं आहेत तोवर गाद्या, उश्या, विशेषतः जुन्या शेवरीच्या कापसाच्या, कडक वाळवून घ्या. उशांना घट्ट विणीच्या खोळी घाला. ओले कपडे तुम्ही झोपता त्या खोलीत नकोत, आणि डासांची कॉइल तर घरातच नको. गणपतीत धूप-अगरबत्तीचा धूर कोंडला की दारात जाऊन बसा, देवाला चालतं.

मोजायचं कसं ते सांगते, कारण माझं खरं सांगणं तेच आहे. पहिली तपासणी स्पायरोमेट्री. यंत्रात जोराने फुंकायचं, मग निळ्या पंपाचे चार फवारे घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरने वाढली तर श्वासनळ्या त्या क्षणी आवळलेल्या होत्या, तुम्हाला कितीही बरं वाटत असलं तरी. देवगड-कणकवलीत सोय नसेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कुडाळला छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा.

दुसरं, घरी ठेवायचं पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी, बाजूला आकडे आणि सरकता काटा. वीज लागत नाही, किंमत काही शे रुपये. मोठ्या मेडिकलमध्ये नसेल तर मागवून देतात. नाहीतर भाऊ मुंबईला आहेच, आंब्याच्या पेटीच्या बदल्यात आणू दे. सकाळी उठल्यावर आणि रात्री, पंप घेण्याआधी, उभं राहून, छाती भरून श्वास घेऊन एकदाच जोरात फुंकायचं. असं तीनदा. सगळ्यात मोठा आकडा मुलीच्या जुन्या वहीत तारखेसह लिहायचा. सुजेवरचा पंप नियमित सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत जो सगळ्यात मोठा आकडा येईल तो तुमचा. समजा तो 350 आला. 280 च्या वर असाल तर ठीक चाललंय. 280 ते 175 म्हणजे सावध, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. 175 च्या खाली आलात तर निळा पंप घ्यायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा, मग बाहेर केवढाही पाऊस असो.

ही वही कणकवलीलाही घेऊन जा. सुयांच्या आदल्या दिवशीचा आकडा आणि दुसऱ्या दिवशीचा, दोन महिने शेजारी-शेजारी मांडा. फरक दिसला तर मला कळवा, मी आनंदाने छापीन. पंपाचा डोस कमी करायचाच झाला, तर तीनेक महिने दमा आटोक्यात राहिल्यावर, या वहीवरून, डॉक्टर पायरीपायरीने करतील. पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे.

सुया चालू ठेवणार असाल तर दोन-तीन गोष्टी बघा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, 2015 चा, आणि त्याखाली परिषद आहे. उपचार करणाऱ्यांची तिथे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी येऊ शकतो. दम्यासाठी मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला टोचतात, ते बिनधोक आहे. पण मानेच्या मुळाशी, गळ्याच्या खळगीत आणि पाठीवर दोन्ही खवाट्यांच्या मधेही टोचतात, आणि तिथे कातडी नि स्नायू सोडले की लगेच फुप्फुस असतं. सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर गंभीर. सुया घेऊन आल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छातीत एका बाजूला एकदम कळ आली आणि दम लागला, तर 'दमाच असेल' म्हणून पंप ओढत बसू नका. एक्स-रे काढून घ्या आणि सुया घेतल्याचं सांगा.

अशा क्लिनिकांत कधीकधी भिंतीवर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा फोटो दिसतो, म्हणून एक जाता जाता. कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी, पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस. फोटो बघून पंपाचा निर्णय घ्यायचा नसतो, एवढ्यासाठी सांगितलं.

शेवटी, घरात सगळ्यांना माहीत असायला हवं ते. पंप नुसता तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध घशालाच चिकटतं. स्पेसर घ्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे बसवायची पोकळ नळी. नेब्युलायझरला, म्हणजे औषधाचे तुषार करून देणाऱ्या यंत्राला, वीज लागते आणि पावसात लाइटचा भरवसा नाही. पंप आणि स्पेसर मिळून बहुतेक अ‍ॅटॅकमध्ये नेब्युलायझरइतकंच काम करतात. स्पेसर मिळेपर्यंत अर्ध्या लिटरची थंड पेयाची स्वच्छ बाटली चालते. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडायचं, फट चिकटपट्टीने बंद करायची, आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 साली लहान मुलांवर हे तपासलं होतं; विकतच्या स्पेसरइतकंच औषध लागू पडलं. पंप हलवायचा, एक फवारा सोडायचा, सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे, मग दुसरा फवारा.

अ‍ॅटॅक आला तर बसून राहा, आडवं होऊ नका. निळ्या पंपाचे एकामागून एक चार फवारे स्पेसरमधून घ्या. उतार नसेल तर वीस मिनिटांनी पुन्हा, आणि तोवर गाडी सांगून ठेवा. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा शिट्टीचा आवाज थांबला पण दम तसाच असेल, तर वीस मिनिटंही थांबायचं नाही. हा शेवटचा प्रकार बघणाऱ्यांना बरं झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात हवा आत-बाहेर होत नसते म्हणून आवाज नसतो. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत किंवा रस्त्यात फवारे चालू ठेवा. तुमच्या मिस्टरांना आणि मुलीला हे एकदा करून दाखवा. दवाखान्यात पोचल्यावर, तुम्हाला बोलता येत नसेल तर त्यांनी आधी तीन गोष्टी सांगायच्या: दमा आहे, पंप कुठला आणि किती घेतला, आणि पुड्या किती दिवस चालू होत्या.